लुंबिनीला सांगू नको

लातूर, २१ ऑगस्ट

प्रिय माय,

सप्रेम जयभीम. मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावत जा, बाटली नुसती फळीवर ठेवून काय उपयोग.

फोन सोडून पत्र का लिहून राहिले, म्हणशील. फोन वाजला की लुंबिनी ऐकते. चष्मा लाव आणि तूच वाच, अश्वजितदादाला वाचायला देऊ नको.

उंदरांच्या डोक्यात तार घालून काय बघता, असं तू मागं विचारलं होतंस. तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आता सांगते. आम्ही घंटी वाजवतो, मग उंदराला साखरपाण्याचा थेंब देतो. थेंब मिळाला की त्याच्या मेंदूतल्या पेशी बोलतात. स्पीकरवर लाह्या फुटल्यागत आवाज येतो. काही दिवसांनी त्या घंटीलाच फुटायला लागतात, थेंबाला नाही. आणि घंटी वाजवून थेंब दिला नाही, तर तो यायच्या वेळेला स्पीकर एकदम गप्प होतो. रोज असं फसवलं, की पुढं घंटीलाही आवाज येत नाही. उंदीर मानसुद्धा वळवत नाही.

मागच्या शनिवारी तू फोनवर कौतुकानं म्हणालीस, "पोरगी लई शहाणी झाली. तू येते म्हणलीस तरी पिवळा फ्रॉक मागत न्हाई, ओट्यावर बसत न्हाई, रडत बी न्हाई."

माय, ती शहाणी झाली नाही. माझ्या पाच वर्षांच्या लुंबिनीनं माझी वाट बघणं सोडलंय.

सहा शनिवार मी तिला 'उद्या येते' म्हणाले. उंदरांचा एक दिवस चुकला की महिन्याचं काम वाया जातं, असं तुला सांगत आले. चार वेळा ते खरं होतं. दोनदा मला सुट्टी होती. एकदा तर अहमदपूरच्या स्टँडपर्यंत आले, चहा घेतला आणि परतीच्या गाडीत बसले.

एप्रिलात जयंती करून भोकरहून निघताना तिनं माझी ओढणी धरली होती. तू तिचं एकेक बोट सोडवलंस. ते पुन्हा बघायची माझ्यात हिंमत नव्हती, एवढंच. नवऱ्यानं सोडलं तेव्हा माझी नोकरी टिकावी म्हणून तू तिला ठेवून घेतलंस, आणि मी हे केलं. लाज वाटते मला.

घंटी न वाजवता अचानक थेंब दिला तर पेशी पुन्हा बोलतात, हेही मी बघते. म्हणून या रविवारी येते. तिला सांगू नको. फ्रॉक काढून ठेवू नको, धपाटे करू नको, तिला लगेच कळतं.

आणि मी आले नाहीच, तर तिला काही कळणार नाही. तुला तेवढं कळेल. मग यापुढं माझा फोन तिच्या कानाला लावू नको.

तुझी,
बुद्धप्रिया