खुंटीवरचा बिल्ला

बाल्टिमोर, १४ एप्रिल २००४

प्रिय लोरेटा,

तुझं पत्र पोचलं. माझा गुडघा कुरकुरतोय, पण जहाजाचे जिने अजून चढतो. चांगले खेकडे बाजारात यायचेत. तू आलीस की खाऊ, असं लिहिणार होतो. पण आधी पुढचं वाच.

पुढच्या महिन्यात आपल्या जुन्या अणुजहाजावर तू काचेच्या कपाटाची फीत कापणार आहेस. त्यात तुझ्या ड्वाइटचा बिल्ला आहे म्हणून नवा कोटही घेतलास. खाली पाटी आहे : 'अणुभट्टीजवळ काम करूनही फिल्म स्वच्छ.' जहाजाचं म्युझियम झाल्यापासून दर शनिवारी मी पाहुण्यांना तेच वाचून दाखवतो.

लोरेटा, तो स्वच्छ आहे, कारण तो ड्वाइटच्या छातीवर नव्हता.

भट्टीचे किरण लागले की बिल्ल्यातली फिल्म काळी पडायची, आणि जास्त काळी पडली की माणसाची रवानगी किनाऱ्यावर. म्हणून भट्टीच्या खोलीत जाताना आम्ही बिल्ला दाराबाहेर खुंटीला अडकवायचो. सगळेच. मोठी हुशारी वाटायची. जणू किरण बिल्ल्यालाच लागतात.

चौसष्टच्या मार्चमध्ये पंप गळायला लागला. दुसऱ्या दिवशी बडे पाहुणे येणार होते. मुख्य इंजिनिअर मी, आणि पंपामागच्या फटीत शिरेल असा किडकिडीत ड्वाइटच एक.

"बिल्ला काढ," मी म्हणालो. "पाच मिनिटांचं काम आहे."

"होऊ द्या की काळा, मेव्हणेबुवा! घरी तरी पाठवाल. पोराच्या बाप्तिस्म्याला पोचेन."

"पोराचं बायका बघतील. तू व्हॉल्व्ह बघ."

हसतच त्याने बिल्ला माझ्या हातात दिला. खुंटीला मीच अडकवला. पाच मिनिटांची चाळीस झाली. मी घड्याळ बघत होतो, तरी त्याला हाक मारली नाही.

पुढे तू हट्टाने त्याला समुद्र सोडायला लावलास, बाबांच्या रंगाच्या दुकानात बसवलंस. सात वर्षांनी रक्ताचा कॅन्सर. दफनाच्या दिवशी तू म्हणालीस, "मीच त्याला त्या थिनरच्या वासात बसवलं रे, ऑर्वी. मीच मारलं." मी तुझा हात थोपटला आणि गप्प राहिलो. तो कशाने गेला ते डॉक्टरांनाही आज छातीठोक सांगता येणार नाही, पण तेव्हा मी बोलायला हवं होतं, एवढं मला माहीत होतं. तू दुकान विकलंस, तेहतीस वर्षं घराच्या भिंतींना रंग लावू दिला नाहीस. मला मात्र दर ख्रिसमसला केक पाठवलास. लाज वाटायची, तरी खायचो.

काल म्युझियमच्या बाईंना सगळं लिहून दिलं. पाटी काढणार आहेत. तू आलीस तर तुला कपाटाकडे नेणार नाही, खाली भट्टीच्या दाराशी नेईन. खुंटी अजून तिथेच आहे. तू नाही आलीस, तरी त्या दिवशी मी तिथेच उभा असेन.

तू त्याला बाहेर काढलंस, लोरी. आत मी घातलं होतं.

'तुझा भाऊ' असं लिहायला हात धजत नाही.

ऑर्विल