पहिल्या हाकेची ओ

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
४ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप सत्यभामाअक्का,

पायावर डोकं ठेवतो. इकडं देवाच्या दयेनं सगळं ठीक आहे. तुझ्या गुडघ्याचं तेल सोमनाथच्या हाती पाठवलंय, मिळालं असेल. रोज फोनवर बोलणारा भाऊ पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. शेवटपर्यंत वाच.

श्रेया आम्हाला आल्प्सच्या डोंगरात घेऊन चाललीय. वीस तारखेला निघायचं. मायलेकी डोंगर चढणार. तनुजा वर्षभर दर रविवारी गोगाबाबाची टेकडी चढतीय, छावणीच्या बाजारातून जाड तळव्याचे बूटही आणलेत. मी मात्र खालच्या गावात चार दिवस दिवसभर एकटा राहणार. श्रेयानं माझा बेत कागदावर लिहून दिलाय. सकाळी तळ्याकाठच्या बाकड्यावर जप, मग ब्रेड आणि दूध, दुपारी छोट्या रेल्वेनं पुढच्या गावापर्यंत जाऊन परत. कुठं चढायचं नाही, घाई नाही. ऐकूनच बरं वाटलं होतं.

मग तिनं मोबाइलवर त्या बाकड्याचं चित्र दाखवलं. बाकड्यामागून डोंगर उभाच्या उभा वर गेलाय.

तिथं वर फोन लागत नाही. माझ्या साखरेची तिला काळजी. ती म्हणाली, "बाबा, रोज अकरा वाजता तुम्ही बाकड्यावर बसायचं. वरच्या वळणावरून मी हाक मारीन. तुम्ही ओ दिली की आम्ही पुढं जाऊ."

"आणि नाही दिली तर?"

"तर चक्कर आली समजून उभ्या वाटेनं तशीच खाली येईन."

तनुजा भाजी निवडता निवडता म्हणाली, "मग उतरायची तयारी ठेव बाई. देवाला एक घंटा पुरती, तुझ्या बापाला तीन फोन लागतेत."

दोघी लई हसल्या. मीही हसलो. माझी ही खोड सगळ्यांना माहीत आहे. पहिला फोन मी उचलत नाही, दुसराही नाही. कुणी विचारलं नाही, का.

अक्का, आपला गोकुळदादा गेला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. सीताफळं आणायला गेलो होतो. दादा कड्यावर चढला, मी खाली झाडाला टेकून बसलो. दिवस कलत होता. मला डुलकी लागली होती, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही.

मी जागा होतो.

"बन्स्या!" अशी हाक आली. एकच. आवाज दादाचाच वाटला. पण आई गेल्यावर तूच आम्हाला शिकवलं होतंस ना, रानात दिवस कलताना नावानं हाक आली तर ओ देऊ नये, तीन हाका होऊ द्याव्यात. माणूस असेल तर तीनदा बोलावतो. मी दुसरीची वाट बघत बसलो. मनात आकडा धरून. मग दगड घरंगळल्याचा आवाज आला. दुसरी हाक आलीच नाही.

हे तुला कधी सांगितलं नाही, कारण शिकवण तुझी होती. तुझा दोष नाही. तू आम्हाला जपायलाच सांगितलं होतंस. पण तू ते स्वतःला लावून घेशील, या भीतीनं इतकी वर्षं गप्प राहिलो. आता गप्प राहता येत नाही.

काल श्रेयानं सराव म्हणून गच्चीवरून हाक मारली. "बाबा!" मी खाली अंगणात तुळशीपाशी बसलो होतो. तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. मनात आपोआप आकडा आला: एक.

आणि जिन्यावर तिची पावलं वाजली. धावत खाली येत होती, दोन-दोन पायऱ्या सोडून. "बाबा, नापास!" म्हणत हसत होती. मला मात्र बाकड्यामागचा तो उभा डोंगर दिसला.

जाऊ नको म्हटलं तर कारण सांगावं लागेल. ते आधी तुला सांगायचं होतं. देवापुढं बसून लई विनवलं, पण तुझा नेम देवाच्यानं मोडत नाही. तो तूच मोड. पत्र पोचलं की फोन करून एवढंच म्हण, "बन्स्या, पहिल्या हाकेला ओ दे." नाहीतर मी तिकिटं रद्द करायला लावीन.

रागावली असशील तरी कर. पण फोन एकदाच कर. मी उचलतो का, ते मला निघायच्या आधी बघायचंय.

दादाला ओ न दिलेला, तुझा
बन्सी