एरंडेल दाराच्या बिजागरीला घातलंय

अण्णा, तुम्ही स्वतः एरंडेल शेवटचं कधी घेतलंत? हे विचारायची माझी टाप न्हाई, असं वर्गातल्या पोरी म्हणत होत्या. घ्या, विचारलं.

दसरा झाला की तुम्हाला ऋतुशोधन आठवतं. "शरदात पित्त खवळतं, पोट साफ केलं की वर्षभर आजार न्हाई," म्हणत आम्हाला वाटीतून पाजता आणि स्वतः टपरीवर भजी खात बसता. तुमचं पित्त का खवळत न्हाई? खरा वैद्य आधी नाडी बघतो, तूप पाजतो, मग जुलाब देतो. तुम्ही मोबाइल बघून वैद्य झालात! गेल्या वर्षी कबड्डीच्या जिल्हा संघाची निवड होती आणि मी दिवसभर संडासात. तरी दिवाळीत ताप आलाच.

आई, तू नुसतं "घे गं, ते ऐकायचे न्हाईत" म्हणतेस. लई झालं. आजच्या वाटीतलं एरंडेल दाराच्या बिजागरीला घातलंय. ती तरी कुरकुरायची थांबली.

मी खेळाच्या बाईंसोबत बीडला निवडीला गेलेय. निवड झाली तर सरावासाठी तिथल्याच खेळाडूंच्या वसतिगृहात राहणार. हे विचारत न्हाई, सांगतेय.

राजनंदिनी