संडासात टाकलेल्या गोळ्या

आई,

आधी मला विचारायचं तरी! औषधवाला म्हणाला, “या मूल न होण्याच्या गोळ्या,” की लगेच पोरगी वाया गेली? अगं, मला झालेल्या पीसीओएसलाही, त्या पाळी बिघडवणाऱ्या आजारालाही, डॉक्टर त्याच देतात. पाळी नीट यावी, दाढी कमी व्हावी म्हणून. हो, दाढीच. तू तिला ‘लव’ म्हणतेस आणि दर रविवारी कडी लावून चिमट्याने उपटतेस. वर बजावतेस, “बाबांना कळू देऊ नकोस.” सहा महिन्यांनी कुठे केस विरळ होत होते, आणि तू अख्खं पाकीट संडासात ओतलंस!

जिन्यात तुझ्या चपला वाजतायत. मी मागच्या दाराने नवं पाकीट आणायला चाललेय, तोंडाला ओढणी न बांधता. हे पत्र माझ्याच पर्समध्ये राहील.

तुझी,
दाढीवाली