सात लिंबांचं सॅलड

२ मार्च, रविवार, दुपारी

टीव्ही बंद करून मुलगा आणि सूनबाई माझ्यासमोर बसले. टीव्ही बंद करून कोणी चांगली बातमी देत नाही. सूनबाई म्हणाली, आई, तुमची मनगटं दुखतात, स्वयंपाकाला बाई ठेवू या. मी म्हटलं, मनगटं माझी, दुखली तर मला दुखतील. मुलगा छताकडे बघत होता. लिफ्ट दुरुस्त करतो, खाली बघायची त्याला सवयच नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ओटा सुटला की म्हातारी सोफ्यावर जाते. सोफ्यावरून कोपऱ्यात. कोपऱ्यातून पुढे कुठे जातात ते मला माहीत आहे, समोरच्या दारची तशीच गेली. मी ओटा सोडणार नाही. जा म्हणावं.

बरीच वादावादी. शेवटी ठरलं, दोन आठवडे. सूनबाई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते, तिच्या शिफ्टचा भरवसा नाही. मुलगा लिफ्ट अडकेल तिथे जेवतो. नात शाळेतून परस्पर खेळायला जाते. म्हणून एकदाच करून ठेवता येईल, तीन दिवस पुरेल, थंडच खाता येईल असं काहीतरी मी करायचं आणि डब्यात भरून द्यायचं. खाल्लं तर बाई नाही. नाही खाल्लं तर सतरा तारखेपासून बाई.

ही वही नातीची, अर्धी कोरी होती. आता माझी. चौथीपर्यंत शिकले, स्वतःचं स्वतःला वाचायला तेवढं पुरतं.

३ मार्च, सोमवार, संध्याकाळी

सूनबाईने फ्रिजवर कागद चिकटवला. राजमा आणि काबुली चण्याचं सॅलड. वर काय काय लागतं ते लिहिलंय. राजमा, चणे, कांदा, काकडी, तेल, मीठ, लिंबू. तेवढं वाचलं. खाली एक, दोन, तीन करत दहापर्यंत कृती आहे. ती नाही वाचली. मी काय काल जन्मले?

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तेवीस वर्षं काढली मी. स्वयंपाकी वेगळा होता, मी भांड्यांच्या हौदावर. पण स्वयंपाक खरा कळतो कोणाला? करणाऱ्याला नाही आणि खाणाऱ्याला तर नाहीच. घासणाऱ्याला. परत आलेलं ताट बघून मी सांगायचे कोण जेवला आणि कोण नुसता बसून उठला. एकदाही चुकले नाही.

दाणे भिजत घातले.

४ मार्च, मंगळवार, सकाळी अकरा

सूनबाई चपला घालता घालता दारातून ओरडली, आई, लिंबू शेवटी हं. शेवटी कशाला? वरून शिंपडलेलं लिंबू म्हणजे वरवरची माया. मी दाणे पातेल्यात टाकले आणि दोन लिंबं तिथेच पिळली. शिजता शिजता आंबटपणा दाण्याच्या काळजात उतरला पाहिजे.

दुपारी एक

दाणे अजून कडक. उकळू दे.

दुपारी तीन

अजून कडक. गॅसची ज्योत बारीक वाटते. हल्ली गॅससुद्धा पाणचट.

संध्याकाळी पाच

पुरे झालं. दाण्याला थोडा कणा हवाच. लिबलिबीत झाला तर ते सॅलड कसलं? कांदा, काकडी, तेल, मीठ घालून तीन डबे भरले. दिसायला देखणं झालंय.

५ मार्च, बुधवार, संध्याकाळी

जिंकले. तिन्ही डबे रिकामे. नुसते रिकामे नाहीत, विसळून आणलेले. या घरात कोणी ताट उचलून सिंकपर्यंत नेत नाही, आणि आज डबे विसळून! अन्नाची किंमत कळली की माणूस असा सुधारतो.

सूनबाईला विचारलं, कसं झालं होतं? म्हणाली, आई, चावायला जरा वेळ लागतो. बरोबर आहे. सगळ्यांची नुसती गिळायची घाई. माझ्यामुळे या घरात कोणीतरी चावायला लागलं.

मुलगा? गालावर हात ठेवून बसला होता. समाधानात माणूस असाच बसतो.

६ मार्च, गुरुवार

मुलाच्या दाढेचा तुकडा उडाला. दातांच्या डॉक्टरने विचारलं, काय खाल्लंत? हा म्हणाला, सॅलड. डॉक्टरने पुन्हा विचारलं, खरं सांगा, काय खाल्लंत? ही असली डॉक्टर मंडळी. ती दाढ लहानपणापासून कच्ची होती. त्याच्या वडिलांच्या घराण्यातले सगळेच दात कच्चे. आमच्याकडे नाही.

८ मार्च, शनिवार

दोष दाण्यांचा असू शकतो. चार दाणे रुमालात बांधून किराणावाल्याकडे नेले आणि त्याच्या काउंटरवर आपटले. टणटण वाजले. म्हटलं, जुना माल देतोस होय रे? त्याने एक दाणा उचलला, वास घेतला, म्हणाला, मावशी, शिजताना यात लिंबू तर नाही ना... मी पुढचं ऐकलं नाही. दुकानदाराने विकावं, शिकवू नये. नवीन पाकीट घेतलं आणि निघाले.

घरी येताना विचार केला. लिंबाने डाग निघतात, तांबं उजळतं, पितळ उजळतं. मग दाणा मऊ पडत नाही याचा अर्थ काय? लिंबू कमी पडतंय. उद्या चार.

९ मार्च, रविवार, रात्री

चार लिंबं. साडेचार तास. मध्येच गॅस संपला. सिलिंडरवाला भरून देतो की नुसता रंगवून देतो देव जाणे. नवीन लावला.

नात येऊन म्हणाली, आजी, माझ्या डब्यात जास्त दे ना. दाबून भर. मला भरून आलं असतं, पण मी त्यातली नाही. दाबून भरला. दहा वर्षांची पोर, तिला कळतं. मोठ्यांना कळत नाही.

शाळेत नेमबाजीच्या खेळासाठी तिला कापडी पिशवी हवी आहे, मुठीएवढी, आत काहीतरी भरलेली. जुन्या पडद्याची शिवून दिली. म्हटलं, आत काय भरायचं? म्हणाली, ते मी बघते. स्वावलंबी आहे. माझ्यावर गेलीय. संध्याकाळी खेळून आल्यावर म्हणाली, आजी, अजून शिवशील? वर्गातल्यांनाही हव्यात. माझ्या शिवणाची बातमी पोहोचली तर.

११ मार्च, मंगळवार

डबे आजही रिकामे, विसळलेले, वर पुसलेले. तिन्हीही.

खालच्या मजल्यावरचे ड्रायव्हिंग मास्तर रविवारी आले होते. चार तास तुमच्या खिडकीतून वाफ येतेय, म्हणाले, सगळं ठीक आहे ना? त्यांना वाटीभर सॅलड दिलं. म्हणाले, अरेरे, कवळी घरी राहिली. मग वाटी खाली घेऊन गेले. आज जिन्यात भेटले तेव्हा विचारलं, तर कवळी दुरुस्तीला टाकली आहे म्हणे. आयुष्यभर दुसऱ्यांना ब्रेक मारायला शिकवलं, स्वतःचं तोंड सांभाळता आलं नाही.

१२ मार्च, बुधवार

सात लिंबं. आता माघार नाही. पिळत बसायला नको म्हणून तीन तर अख्खीच टाकली. सूनबाई संध्याकाळी आली, पातेल्यात डोकावली, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, आई, तुम्ही तो कागद वाचलात ना पूर्ण? मी म्हटलं, तोंडपाठ आहे. ती काहीतरी बोलणार होती, पण फोन आला. नशीब लागतं, तेही माझ्याच बाजूने आहे.

१३ मार्च, गुरुवार

आता लपवण्यात अर्थ नाही. पैज मी जिंकले आहे. नऊ दिवस, एकही डबा भरलेला परत आला नाही. रविवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे. भाषण तयार केलं. पहिलं वाक्य, ज्यांना माझी मनगटं दुखतात असं वाटतं त्यांनी ऐकावं. दुसरं अजून सुचलं नाही.

मनगटं दुखतायत. लिंबं पिळून. त्याचा आणि वयाचा संबंध नाही.

१५ मार्च, शनिवार, सकाळी

नातीच्या पिशवीची शिवण उसवली. दुरुस्तीला घेतली. टाका घालायला पिशवी मांडीवर उलटी केली आणि आतलं सगळं सांडलं.

राजमा आणि चणे. खडखडीत वाळलेले. लिंबाचा वास.

पिशवीत एक चिठ्ठीही होती. खेळाच्या बाईंची, घरी द्यायला. लिहिलंय, आपल्या कुटुंबाने वर्गाच्या सर्व पिशव्यांसाठी दाणे पुरवल्याबद्दल आभार. आधी खडे भरायचो, मुलांना लागायचं. साधे दाणे फुटून पीठ होतं. आपले दाणे शिजवलेले असूनही इतके मजबूत कसे, कृपया कळवावे.

नातीला समोर उभं केलं. खाली मान घालून बोलली. पहिल्या दिवशी बाबांची दाढ गेली, तेव्हापासून रोज सकाळी खाली उतरलं की आईबाबा त्यांचे डबे तिच्याजवळच्या प्लास्टिकच्या पिशवीत ओततात. ती शाळेच्या नळावर दाणे धुते, बाई गच्चीवर वाळवतात. आईबाबा बाहेर काहीतरी खातात. मी म्हटलं, आणि तू? म्हणाली, मी एक खाल्ला होता आजी. पहिल्या दिवशी. पूर्ण.

एक खाल्ला. खोटं तरी बोलायचं होतं.

दुपारी

नीट विचार केला. बाईंनी मजबूत लिहिलंय. ही नापसंती नव्हे. वर्गात चोवीस पोरं आहेत, चोवीस घरांत कोणाला जमलं नाही ते आमच्या घरातून गेलं. शिवाय नातीचा नेमबाजीत पहिला नंबर आला. तो कशाच्या जोरावर आला हे सांगायची गरज नाही.

पिशवी शिवून दिली. दाणे परत भरून.

१६ मार्च, रविवार, दुपारी

टीव्ही बंद. दोघं समोर. भाषण करायचा प्रश्नच आला नाही. मुलगा म्हणाला, आई, तुला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही. मी म्हटलं, मला वाईट वाटत नाही, मला राग येतो, दोन्हीत फरक आहे. सूनबाई म्हणाली, उद्यापासून त्या बाई येतील, फक्त सकाळी दोन तास. तुम्ही त्यांना काय हवं नको ते सांगा. म्हणजे सोफा. गोड बोलून सोफाच.

मी सांगितलं, येऊ दे. मी ओट्याजवळ स्टुलावर बसणार आहे. तिला एक चूक करू देणार नाही. बघू किती दिवस टिकते.

१७ मार्च, सोमवार

स्वयंपाकाची बाई आली. पन्नाशीची, आवाज खणखणीत. फ्रिजवरचा कागद वाचला, अगदी खालपर्यंत. वेळ लागला तिला. मी मुद्दाम खोकले, तरी वाचत राहिली.

काल सूनबाईने दाणे भिजवले होते. त्याच पाकिटातले. तेच पातेलं. बाईने नुसत्या पाण्यात शिजवले. तासाभराने एक दाणा बोटांत धरून दाबला. पिठासारखा मोडला. मला देऊन म्हणाली, आजी, बघा बरं. मी बघितलं. बघायचं काय त्यात.

मग पाणी काढलं, गार केले, कांदा, काकडी, तेल, मीठ, आणि सगळ्यात शेवटी लिंबू. एकच. म्हणाली, आंबट आधी पडलं ना आजी, की दाणा हटून बसतो. मग दिवसभर उकळा, ऐकत नाही. मी म्हटलं, असं हटून बसणारं आमच्या घरात कोणी नाही. ती हसली. मी नाही.

लिंबाचं मला माहीत होतंच. तिला माहीत आहे का ते बघत होते.

वाटीभर खाल्लं मी. मीठ कमी होतं. नंतर अर्धी वाटी आणखी घेतली, मीठ नक्की किती कमी आहे ते ठरवायला.

१८ मार्च, मंगळवार, संध्याकाळी

आज पहिल्यांदा बाईचे डबे गेले होते. मी दारातच बसले होते. म्हटलं, विसळून येतील तेच. हिच्या हाताला तरी काय सोनं लागलंय?

सूनबाईने डबा सिंकमध्ये टाकला आणि आत गेली. मुलाने ओट्यावर ठेवला, झाकणसुद्धा उघडं. नातीने तर दप्तरातून काढलाच नाही, मीच काढला.

तिन्ही बघितले. तेलकट. कडेला कांद्याची फोड चिकटलेली. नातीच्या डब्यात बोट फिरवल्याच्या रेघा, पार तळापर्यंत. मुलाच्या झाकणाला लिंबाची बी.

कॅन्टीनमध्ये एक गोष्ट होती. जो जेवायचा तो ताट तसंच बरबटलेलं ढकलून जायचा. ताट विसळून आणायचा तो, ज्याने खाल्लेलं नसायचं. स्वयंपाक्याला कळू नये म्हणून. तेवीस वर्षांत मी एकदाही चुकले नव्हते.

बाई सकाळी म्हणाली होती, डबे राहू द्या आजी, मी उद्या येऊन घासते.

तिला काय कळतंय घासण्यातलं. तिन्ही घासले. मनगटं दुखली नाहीत.