कमी सांगते

३ फेब्रुवारी, सोमवार
नवी वही, नवी नोकरी, नवा पत्ता! सानपाड्याच्या संशोधन केंद्रात आज लॅब टेक्निशियन म्हणून रुजू झाले. खोलीही मागच्याच गल्लीत मिळाली, कामोठ्याच्या घरून रोज यायची कटकट वाचली.

काम मजेदार आहे. पालेभाजीत फोलेट नावाचं जीवनसत्त्व असतं. ते वापरात आणणारं एक जनुक काहींच्यात जरा आळशी असतं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, चिठ्ठ्याच म्हणा, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही आळशी निघाल्या तर लठ्ठपणाचा धोका वाढतो का, ते आम्ही बघणार. आमचे प्रमुख, मधुकर सरांनी आधीच बजावलं, की वाढला तरी थोडाच, नशीब काही त्यात लिहिलेलं नसतं.

लोकांचं उपाशीपोटी रक्त घ्यायचं, चप्पल काढून वजन करायचं आणि काय खाल्लं त्याचा फॉर्म भरायचा. फॉर्मच्या तळाशी एक चौकोन आहे: ‘कमी सांगते’. जाड बाई दोन भाकऱ्या म्हणाली की बिनधास्त टिक करायची, असं माझ्या सीनियर वैजयंती मॅडमनी शिकवलं. मला हसूच आलं. सराव म्हणून माझंही रक्त घेतलं. वजन ५१.८. सुकडी ती सुकडीच.

६ फेब्रुवारी, गुरुवार
आज बोनकोड्याच्या सुमित्राबाई आल्या होत्या. एक्क्याण्णव किलो. म्हणाल्या, पानी पिला तरी आंगाला लागतं, मी कय करू? मी टिक केली. ती खूण कसली, असं त्यांनी विचारलं. काही नाही, झालं तुमचं, म्हटलं. जाता जाता त्यांनी विचारलं, तू आईवर गेली का बापावर? बापावर, मी पटकन सांगितलं.

आई, दुर्गाबाई, मूळची मराठवाड्याची, चौऱ्याण्णव किलोंची होती. जन्मभर तिचं एकच पालुपद, ‘मी कुठं खाते गं, माय?’ कुणाचा विश्वास नव्हता, माझा तर नव्हताच. डॉक्टरांनी दम दिल्यावर मी खाण्याच्या कपाटाला कुलूप लावलं. तिच्या भल्यासाठीच. गेल्या वर्षी ती गेली. किल्ली अजून माझ्या जुडग्यात आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार
गंमत म्हणून काट्यावर उभी राहिले. ६३.२. ड्रेस तर ढगळच होतोय. वीस किलोचं वजन ठेवून पाहिलं, काटा बरोबर वीस दाखवतो. मॅडम म्हणाल्या, सानपाड्याचं पाणी मानवलं तुला, संघप्रिया. मी म्हटलं, जेवण तर आहे तेवढंच आहे. त्या डोळे मिचकावून हसल्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
खोलीतली प्लास्टिकची खुर्ची माझ्याखाली मोडली. गुडघे ठणकतात. आईचे ठणकायचे तसेच, आधी डावा.

माझ्या सरावाच्या रक्ताचा रिपोर्ट आला. नमुना कुणाचा हे पडताळायची चाचणी असते, तीत माझ्या बऱ्याच जनुकांच्या दोनऐवजी तीन चिठ्ठ्या निघाल्या. सर चिडले, की तू नळीत दुसऱ्या कुणाचं रक्त मिसळलंस. दुसरी कोण, ते रिपोर्टवरून ओळखता येत होतं. त्यांनीच सांगितलं: सख्खी आई.

आमच्या घरात अंगात येणं, भूतबाधा असलं काही मानत नाहीत. मीही मानत नाही. पण हिशेब चुकत नाही. आईचं अर्धं मला जन्मतःच आलं होतं. उरलेलं अर्धं आता आलंय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
७९.५. आरशात मी तशीच, हाडं दिसतात. पायऱ्यांवर धाप लागते. दोन दिवस नुसता चहा घेतेय.

मी लिहायचं टाळलं ते लिहिते. त्या दिवशी सकाळी आईने किल्ली मागितली होती. संध्याकाळी देते, म्हणून मी ड्युटीला गेले. परतले तर ती कपाटासमोर बसलेली, थंडगार. आठवड्यासाठी मी मोजून बाहेर ठेवलेला तिचा डबा ओट्यावर तसाच होता, आठवडा संपत आला तरी सात चपात्यांतली एकच खाल्लेली. ती खरं सांगत होती. मी कुणालाच बोलले नाही —

२० फेब्रुवारी
८८. काही खाल्लं नाही. मॅडमना शपथेवर सांगितलं. त्यांनी माझा फॉर्म पुढे ओढला आणि न बघता —
टिक.

सुमित्राबाईंना फोन करून माफी मागायची होती. तोंडातून वेगळंच निघालं. मराठवाड्याच्या हेलात. माझा हेल नाही तो —

२१ फेब्रुवारी, सकाळी
९४.६. आईचा शेवटचा आकडा. मग माझे ५१.८ कुठे गेले?

पुन्हा रक्त दिलं होतं. रिपोर्ट स्वच्छ. मिसळ नाही. प्रत्येक जागी दोनच चिठ्ठ्या, एकच बाई. सर खूश. फोलेटच्या जनुकाच्या दोन्ही आळशी.
माझ्या पहिल्या दिवशीच्या रक्तात एक आळशी, एक धड होती. बापाची धड. ती आता नाहीच —

किल्ली टेबलावर ठेवलीय. आई, घे. चुकलं माझं. घे ना —

भूक लागलीय. फार. कपाट कुठंय? कुलूप का लावलं, संघप्रिया?
मी कुठं खाते गं, मा