गाडीचं आधी लिहिते

मांजरी बुद्रुक, पुणे
२१ डिसेंबर २०२५

रविराज,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. थंडी बरी पडली आहे. सकाळी उसाच्या बाजूने इतकं धुकं येतं की समोरची नवी बिल्डिंग दिसत नाही, आणि ती न दिसलेलीच बरी. बंगळुरूला तुम्ही दोघं मजेत असाल.

पत्र बघून नवल वाटेल. फोनवर आपलं बोलणं तिसऱ्या वाक्याला घसरतं आणि मेसेजला तू नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून कागद घेतला. तुझ्या परवाच्या मेसेजमध्ये दोन प्रश्न होते. गाडीचं काय करायचं, आणि आप्पांचं काय करायचं. गाडीचं आधी लिहिते.

गाडी चालते. सुरू होताना त्रास देते, एवढंच. रात्रभर थंडीत उभी राहिली की सकाळी नुसती कण्हते. धरते, सोडते, पुन्हा धरते आणि मग सगळी थडथडायला लागते. आरसा हलतो, डॅशबोर्ड वाजतो, मागून पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास. मिनिटभराने शांत होते. दिवसभर मग तक्रार नाही. आपल्या चेअरमननी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "काही सदस्य पहाटे डासांची फवारणी करतात." काही सदस्य म्हणजे मी.

पंधरा नंबर चौकाजवळ बुद्धभूषणचं गॅरेज आहे, त्याच्याकडे नेली. तो म्हणाला, डिझेलला ठिणगी नसते, आतल्या उष्णतेवर ते पेटतं, म्हणून थंडीसाठी प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असतो. आपल्या चारांपैकी तीन गेले होते आणि बॅटरीही थकली होती. बॅटरी बदलली, दोन प्लग बदलले. तिसरा जाम आहे. जोर लावला तर आतच तुटेल आणि मग सगळं इंजिन उघडावं लागेल, तेव्हा त्याला हात न लावलेला बरा, असं त्याचं मत. त्यामुळे एक सिलिंडर अजून उशिरा जागा होतो. मी चावी फिरवते, प्लग तापून पिवळा दिवा विझेपर्यंत थांबते, बंद करते, पुन्हा एकदा तेच, आणि मग स्टार्टर मारते. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायचा नसतो. तू नेहमी ठेवायचास.

तू लिहिलंस, विकून टाक, मी सह्या करून कागद पाठवतो. गाडी तुझ्या नावावर आहे, तेव्हा तुझा हक्क आहे. पण आत्ता विकू नये असं मला वाटतं. आठवड्यातून तीन दिवस ती पहाटे लागते. त्या वेळी मांजरीत यायला कॅबवाले कबूल होतात आणि मग रद्द करतात.

आप्पा चेकअपला जातात असं मी तुला कळवत होते. चेकअप नाही, डायलिसिस आहे. गणपतीनंतर सुरू झालं. तुला सांगायचं नाही असं त्यांनी मला बजावलं होतं. आता सांगते, कारण तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याशिवाय लिहिता येत नाही.

प्लग बदलायच्या आधीची गोष्ट आहे. नोव्हेंबरातली पहिली कडक थंडी. आप्पा मफलर गुंडाळून पुढे बसले होते आणि गाडी काही केल्या धरेना. शेवटी बॅटरीही बसली. मी चावीशी झटापट करत होते. आप्पा म्हणाले, "राहू दे पोरी. आज नको जायाला. तसं बी किती दिस ओढायचं?"

मी म्हटलं, "प्लग बदलले की होईल व्यवस्थित."

"गाडीचं न्हाय बोलत मी."

मी उतरले आणि चेअरमनच्या दाराची बेल वाजवली. दुसरं कोणी सुचलं नाही. ते कानटोपी घालून आले. काय, कशाला, काही विचारलं नाही. वॉचमनला हाक मारली, दूधवाल्याला थांबवलं, आणि तिघांनी गाडी गेटबाहेरच्या उतारापर्यंत ढकलली. दुसरा गिअर टाकून मी क्लच सोडला. दोन हिसके बसले, आणि धरली. गल्लीभर धूर. चेअरमन खोकत म्हणाले, "झाली फवारणी. निघा आता, उशीर होईल."

रेल्वे फाटक ओलांडल्यावर आप्पांनी विचारलं, "कोर्टानं तुमची काडी मोडली. मी आता तुझा कोण लागतो गं?"

"पॅसेंजर," मी म्हटलं. "पट्टा लावा."

ते हसले. हडपसर येईपर्यंत थांबून थांबून हसत होते. मी हसले नाही. मला समोरचं नीट दिसत नव्हतं. धुकं होतं.

त्यानंतर त्यांनी 'नको' म्हटलेलं नाही.

आता तुझा मेसेज. आप्पांना घेऊन जातो, घटस्फोटानंतर म्हाताऱ्याने सुनेकडे राहणं बरं दिसत नाही, असं द्वारकाआत्या म्हणतात. त्यांना सांग, आप्पा सुनेकडे राहत नाहीत, मी आप्पांकडे राहते. निकाल लागल्यावर मी बॅग भरून शनिवार पेठेत आईकडे निघाले होते, तेव्हा आप्पाच दारात उभे राहिले होते. "घर माझं हाय. तू कुठं निघालीस?" घर आजही त्यांचंच आहे. माझं नाव त्यावर नाही आणि लावायचंही नाही. तेवढं आत्यांना कळलं तर त्यांनाही झोप लागेल.

शुक्रवारी संध्याकाळी मी तुझा मेसेज आप्पांना वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग न जेवताच झोपले. मला वाटलं, जायचं ठरलं. मुलाकडे जायचं म्हणणाऱ्या माणसाला मी कोणत्या नात्याने अडवणार होते?

काल शनिवार, डायलिसिसचा दिवस. मी उठले तर त्यांची खोली रिकामी. खिळ्यावर चावी नाही. चप्पल न घालता खाली धावले. आप्पा गाडीत बसले होते, स्वेटर, मफलर, पट्टासुद्धा लावलेला. बाजूने हात घालून चावी त्यांनीच फिरवली होती. "दोनदा दिवा विझलाय," म्हणाले. "मार स्टार्टर."

गाडी नेहमीसारखी थडथडली आणि सुरू झाली. मी विचारलं, "रविराजला काय कळवू?"

"सांग त्याला, मी गाडीत बसलोय."

हे त्यांचं उत्तर. शब्द त्यांचेच आहेत.

माझं कोणी विचारलेलं नाही, तरी लिहिते. त्यांना नेऊ नकोस. तू ये. मंगळवार, गुरुवार, शनिवार, उजाडायच्या आत निघतो आम्ही. मागची सीट रिकामी असते. ते तोंडाने म्हणणार नाहीत, पण सिग्नलला थांबलो की बंगळुरूत थंडी किती असते ते मला विचारतात.

शेवटी 'लोभ असावा' असं लिहायची पद्धत आहे. माझ्यावर नको. आप्पांवर असू दे.

तनुजा